ऑइल कूलरचा थर्मोस्टॅट जोडताना पिन आत की बाहेर?

जिप्सीवाला_नाशिक

नमस्कार मंडळी,

जुनी जिप्सी घेतली आहे. किंग, एमपीएफआय, १३०० सीसी. आधीच्या मालकाने रॅलीसाठी तयार करून घेतली होती. रोलकेज (गाडी उलटली तर वाचवणारा पाइपांचा सांगाडा) त्याने काढून ठेवलं, पण जाळीमागचा ऑइल कूलर तसाच आहे. ब्लॉक आणि ऑइल फिल्टर यांच्या मधे अ‍ॅल्युमिनियमची गोल सँडविच प्लेट, तिला कूलरकडे जाणारे-येणारे दोन होज. प्लेटच्या अंगावर एक षटकोनी बुच आहे आणि त्याच्या आत थर्मोस्टॅट असायला हवा. तो तिथे नाही. तो मला गाडीबरोबर आलेल्या पान्यांच्या डब्यात, प्लास्टिकच्या पिशवीत सापडला.

पिशवीत काय आहे ते सांगतो. एक पितळी नळकांडं, साधारण करंगळीएवढं, मधे कॉलर, एका टोकाला चकचकीत बारीक पिन. एक लांब, नरम स्प्रिंग. एक आखूड, चांगलीच कडक स्प्रिंग. एक छोटी स्टीलची वाटी. आणि वाळून कडक झालेली ओरिंग (गळती रोखणारी रबरी कडी). प्लेटवर कंपनीचं नाव, नंबर काही नाही, त्यामुळे आकृती शोधायची सोय नाही.

प्रश्न दोन. पिन बुचाकडे ठेवायची की आत? आणि कुठली स्प्रिंग कुठे?

शिवाय एक कोडं. गाडी सध्या थर्मोस्टॅटशिवाय चालते आहे. म्हणजे तेल कायम कूलरमधूनच जायला हवं ना? पण अंजनेरीच्या बाजूला लो-रेंजमध्ये (हळू पण जास्त ताकदीच्या गिअरमध्ये) चढ चढवून आणली की आयडलिंगला ऑइल प्रेशर खाली येतं आणि कूलरला हात लावावा तर कोमट. असं का?

उगाच_एक

आपल्याकडे थर्मोस्टॅटची गरजच काय? हे सगळं बर्फातल्या देशांसाठी असतं. आमच्या अँबॅसॅडरचा रेडिएटरचा थर्मोस्टॅट मेकॅनिकने काढून टाकला होता, वर्षानुवर्षं गाडी पळाली. पिशवी परत डब्यात टाका आणि मोकळे व्हा.

पाना_१२

उगाचराव, पाण्याचा थर्मोस्टॅट आणि हा यांत फरक आहे, पण ते सविस्तर सांगणारं माणूस येईलच इथे. मी गॅरेजवाला, मी माझ्यापुरतं बोलतो.

जिप्सीवाले, आधी ओरिंग फेका. नवी घेताना व्हिटॉनची मागा, साधी नायट्राइल नको. नायट्राइल शंभर-एकशेवीसच्या घरात कडक व्हायला लागते, व्हिटॉन दोनशेपर्यंत टिकते. दुकानदार "एकच आहे हो" म्हणेल, ऐकू नका. आणि बुचाच्या आट्यांवर सिलिकॉन किंवा टेफ्लॉन टेप अजिबात लावायची नाही. आतल्या बाजूला सुटलेला तुकडा पुढे तेलाच्या वाटेत कुठे जाऊन बसेल याचा नेम नाही.

प्लेट अ‍ॅल्युमिनियमची आहे, तेव्हा बुच आधी हाताने दोन-तीन आटे सहज गेलं पाहिजे. अडलं तर पाना लावू नका, काढून परत बघा. अ‍ॅल्युमिनियमचे आटे एकदा मेले की प्लेट भंगारात.

बारामतीकर_एएमई

मी विमानांच्या देखभालीतला माणूस, एका उड्डाण प्रशिक्षण संस्थेत बरीच वर्षं छोट्या विमानांची इंजिनं उघडली. त्या लायकमिंग इंजिनांत हाच प्रकार असतो, त्याला व्हर्नाथर्म म्हणतात. म्हणून आधी तुमचं कोडं सोडवतो, मग जोडणी आपोआप कळेल.

गाडीच्या पाण्याचा थर्मोस्टॅट रेडिएटरच्या वाटेत दार लावून बसतो. गरम झाला की दार उघडतो. तो काढला की वाट कायम उघडी. तुमच्या प्लेटमधला थर्मोस्टॅट कूलरच्या वाटेत बसलेलाच नाही. तो बसलाय आडवाटेत, म्हणजे बायपासमध्ये. थंड असताना बायपासचं भोक उघडं असतं. तेलाला दोन वाटा दिसतात: एक समोरचं मोठं भोक, दुसरी लांबचे होज आणि कूलरच्या अरुंद नळ्या. घट्ट तेल जवळची वाट धरतं. कूलरमधून थोडंसं झिरपत राहतं, त्यामुळे तो कोमट लागतो. तेल तापलं की पितळी नळकांड्यात भरलेलं मेण फुगतं, नळकांडं सरकून बायपासचं भोक बंद करतं आणि तेलाला कूलरमधून जाण्यावाचून पर्याय राहत नाही. लायकमिंगमध्ये हे १८५ अंश फॅरनहाइटला, म्हणजे ८५ सेल्सिअसच्या आसपास होतं.

आता तुमच्या प्लेटमध्ये काहीच नाही. म्हणजे बायपास कायम उघडा. म्हणजे कूलर नुसता शोभेचा. उगाच_एक यांचा सल्ला या जातीच्या थर्मोस्टॅटला नेमका उलटा पडतो: काढून टाकला की इंजिन थंड राहत नाही, जास्त तापतं.

जोडणीबद्दल. एक गोष्ट पक्की धरा: मेण फक्त ढकलतं, ओढत नाही. थंड झाल्यावर नळकांड्याला मूळ जागी आणायचं काम स्प्रिंगचं. म्हणून दर भागाला विचारायचं, हा कोणाला ढकलतो आणि याला परत कोण आणतं?

पिनला टेकायला घट्ट जागा हवी. ती बुचाच्या बाजूला आहे. पिन बुचाकडे टेकली की मेण फुगल्यावर पिन हलू शकत नाही, मग नळकांडंच आत सरकतं आणि भोकावर बसतं. उलट बसवलं, पिन आत, तर बारीक पिन भोकातून आरपार जाईल, बंद काहीच होणार नाही. शिवाय मेणाचा भाग बुचाच्या खोबणीत जाईल, जिथे तेल वाहतच नाही. मेणाला इंजिनातून येणारं गरम तेल सतत लागलं पाहिजे, नाहीतर त्याला कळणार कसं?

स्प्रिंगांचं: नरम लांब स्प्रिंग आत, भोकाच्या कडेपासून नळकांड्याच्या कॉलरपर्यंत. तिचं काम एवढंच की थंड झाल्यावर नळकांडं मागे आणायचं. कडक आखूड स्प्रिंग बुच आणि स्टीलची वाटी यांच्यामध्ये, आणि वाटीत पिनचं टोक. हिची दोन कामं. नळकांडं भोकावर बसल्यावरही तेल तापत गेलं तर मेण अजून फुगतं, त्या वेळी काहीतरी दबायला हवं, नाहीतर पिन वाकेल किंवा नळकांडं फुटेल. आणि कूलर तुंबला, प्रेशर फार चढलं, तर तेलाच्या जोराने नळकांडं मागे सरकून बायपास उघडतो, म्हणजे इंजिन तेलावाचून मरत नाही. व्हर्नाथर्मही तसाच.

या दोन स्प्रिंगांची अदलाबदल झाली तर? पिन ढकलेल, बुचाकडची नरम स्प्रिंग आधी दबेल, आतली कडक स्प्रिंग नळकांड्याला हलूच देणार नाही. बायपास उघडाच. बाहेरून बघणाऱ्याला सगळं बसलेलं दिसेल, बुच गळणार नाही, आणि कूलर तसाच कोमट.

माझ्या शब्दावर जाऊ नका. टॉर्च लावून प्लेटच्या आत बघा. जुने वापरलेले भाग खुणा सोडून जातात. भोकाच्या कडेवर नळकांडं बसल्याची चकचकीत रिंग असेल. वाटीत पिनचा खळगा असेल. बुचाच्या तळाशी कडक स्प्रिंगचा गोल ओरखडा असेल, आणि त्या ओरखड्याचा व्यास कुठल्या स्प्रिंगशी जुळतो ते मोजलं की वादच मिटला.

पाना_१२

दंडवत. आमच्याकडे लोक "बुच टायट केलं, झालं" म्हणून गाडी देतात.

भुंगा_पुणे

अवांतर आहे, पण राहवत नाही. आमच्या फोक्सवॅगन बीटलला तर तेलाचा थर्मोस्टॅटच नाही, हवेचा आहे. उजव्या बाजूच्या सिलिंडरांखाली एक पितळी बेलोज, म्हणजे तापल्यावर लांबणारा भाता, असतो. तो ६५ ते ७० अंशांना पूर्ण लांबला की दांड्याने पंख्याच्या खोक्यातल्या झडपा उघडतो. त्याची परीक्षाही गरम पाण्यातच करायची, लांबी किमान ४६ मिमी भरली पाहिजे. भारतातल्या निम्म्या बीटलांतून तो "आपल्याकडे थंडी कुठे" म्हणून काढलेला असतो. बरोबर झडपासुद्धा काढून टाकतात, आणि त्या झडपा हवा नुसती अडवत नाहीत, सिलिंडरांवर वळवूनही देतात हे कोणाच्या लक्षात येत नाही.

आणि बीटलचा ऑइल कूलर १९७० पर्यंत खोक्याच्या आतच, तीन नंबर सिलिंडरच्या वाटेत उभा असायचा. त्यामुळे त्या सिलिंडरला आधीच तापलेली हवा मिळायची. १९७१ च्या मॉडेलपासून कूलर बाहेर काढला.

उगाच_एक

बरं बाबा, माघार. पण एक सांगा, तेल जरा गार राहिलं तर बिघडतं काय? गार तेल म्हणजे घट्ट तेल, घट्ट तेल म्हणजे चांगलं प्रेशर.

कूलंटकाका

प्रेशर चांगलं दिसणं आणि तेल पोचणं या दोन गोष्टी आहेत. तुमचं २०डब्ल्यू-४० तेल घ्या. शंभर अंशांना त्याची व्हिस्कॉसिटी, म्हणजे घट्टपणा, १२.५ ते १६.३ सेंटिस्टोकच्या मधे, चाळीस अंशांना शंभराच्या पुढे. बेअरिंगची फट पहिल्या आकड्यावर बेतलेली असते. गार तेलाला काटा वर चढतो कारण ते पुढे सरकत नाही म्हणून.

दुसरं, पेट्रोल जळताना पाणी तयार होतं, त्यातलं थोडं पिस्टनच्या बाजूने खाली उतरतं. थंड इंजिनात कच्चं पेट्रोलही उतरतं. तेल ऐंशीच्या वर बऱ्यापैकी वेळ राहिलं तरच हे उडून जातं. नाशिकला डिसेंबरात सकाळी पारा दहाच्या खाली जातो. भाजी आणायला पाच किलोमीटर आणि परत, असा वापर असेल आणि कूलर कायम चालू असेल, तर तेल भरायच्या झाकणाखाली चहावरच्या सायीसारखा पिवळट थर दिसायला लागेल. म्हणून थर्मोस्टॅट. तो थंडीसाठी नाही, तेलाला कामाच्या तापमानाला लवकर आणण्यासाठी आहे, आणि ते तापमान उटीला असो की नागपूरला, एकच.

जिप्सीवाले, बसवण्याआधी नळकांडं पाण्यात तपासाच. मेण गळून गेलेली नळकांडी दिसायला अगदी नवी दिसतात. पातेल्याच्या तळाला टेकू देऊ नका, दोऱ्याने लोंबकळत ठेवा आणि थर्मामीटर शेजारीच. पाणी हळूहळू तापवा. एक ध्यानात घ्या: नाशिक समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास आहे, पाणी तिथे ९८ ला उकळतं. महाबळेश्वरला तर ९५-९६ ला. ऐंशीच्या थर्मोस्टॅटला काही अडचण नाही. पण काही नव्या गाड्यांचे तेलाचे थर्मोस्टॅट शंभराच्या वर चालतात, ते पाण्यात ढिम्म हलत नाहीत आणि लोक खराब समजून फेकतात.

सानहोजेकर

इकडे माझ्याकडे जुनी पोर्श ९११ एससी आहे. तिच्यात मूळचाच बाहेरचा थर्मोस्टॅट, मागच्या उजव्या चाकाच्या पुढे. साधारण ८३ अंशांना तेल पुढच्या उजव्या फेंडरमधल्या कूलरकडे पाठवतो. बारामतीकरांनी सांगितलं तेच तत्त्व.

मी फक्त एक भर घालतो, कारण या कामात पैसे इथेच जातात. होजचे मोठे नट अ‍ॅल्युमिनियमच्या अंगावर वर्षानुवर्षं बसले की एकमेकांत रुततात. जोर लावला तर नट आटे घेऊनच बाहेर येतो. ९११ मध्ये त्या थर्मोस्टॅटची किंमत ऐकून माणूस खाली बसतो. तेव्हा नट कापा, प्लेट वाचवा. नट आणि होज नवे मिळतात. छोट्या कटरने नटाला एका बाजूने उभी चीर द्यायची, आट्यांच्या अलीकडे थांबायचं, चिरेत छिन्नी ठेवून हलकेच फाकवायचं.

आणि काढताना-घालताना कायम दोन पाने. एकाने प्लेटकडचं अडॅप्टर धरायचं, दुसऱ्याने नट फिरवायचा.

जिप्सीवाला_नाशिक

सगळ्यांचे आभार. प्लेट उतरवून टेबलावर घेतली आहे.

खुणा सापडल्या! भोकाच्या कडेला चकचकीत रिंग आहे. स्टीलच्या वाटीत पिनचा खळगा आहे. बुचाच्या तळाचा ओरखडा १४ मिमी, कडक स्प्रिंगही १४. म्हणजे बारामतीकर म्हणाले तसंच.

नळकांड्यावर "८०" कोरलेलं आहे, घासल्यावर दिसलं. पातेल्यातला निकाल: थंड असताना पूर्ण लांबी ४२ मिमी. ७५ पर्यंत काही नाही. ८० ला पिन सरकायला लागली. ९२ ला ४९.५ आणि पुढे थांबली. गार झाल्यावर बोटाने दाबली तर परत आत गेली.

आता शंका: पिन साडेसात मिमी बाहेर येते. हे पुरेसं आहे का हे कसं कळणार?

बारामतीकर_एएमई

प्लेटमध्येच मोजायचं. नरम स्प्रिंग आणि नळकांडं आत ठेवा, वाटी, कडक स्प्रिंग, बुच लावल्यावर थंड अवस्थेत नळकांड्याचं तोंड भोकापासून किती दूर राहतं ते काढा. होजच्या भोकातून दिसत नसेल तर व्हर्निअरच्या दांडीने खोली मोजून वजाबाकी करा. हे अंतर साडेसातपेक्षा कमी हवं. जेवढं कमी, तेवढं कडक स्प्रिंग गिळणार. फार कमी, म्हणजे तीन-चारच मिमी असेल, तर कडक स्प्रिंगवर भार जास्त येईल, तेव्हा बुचाखाली जाड वायसर हवा असेल तर तोही शोधा.

आणखी एक. नरम स्प्रिंग पूर्ण दाबून तिची दबलेली उंची मोजा. कॉलर आणि भोकाची कड यांच्यात बंद अवस्थेत उरणारी जागा त्या उंचीपेक्षा जास्त असली पाहिजे. नाहीतर स्प्रिंगच्या वळ्या एकमेकींवर टेकून नळकांडं भोकापर्यंत पोचणारच नाही. कोणी हार्डवेअरच्या दुकानातून "जवळपास तशीच" स्प्रिंग आणून घातली असेल तर हे हमखास होतं.

नळकांड्याचं तोंड आणि भोकाची कड यांचा संपर्क चहूबाजूंनी सारखा आहे का तेही बघा. तोंडाला निळं मार्किंग किंवा साधी लिपस्टिक लावून हाताने दाबा. एकाच बाजूला उठलं तर तेल दुसऱ्या बाजूने निसटणार. व्हर्नाथर्ममध्ये तेलाचं तापमान उगाच वाढलेलं दिसलं की आम्ही पहिल्यांदा हीच एका बाजूची झीज शोधायचो.

जिप्सीवाला_नाशिक

अंतर ६.३ मिमी भरलं. म्हणजे १.२ मिमी कडक स्प्रिंग गिळणार. नरम स्प्रिंगची दबलेली उंची ठीक आहे. लिपस्टिकची परवानगी घरातून मिळाली नाही, मुलाच्या खडूने काम भागवलं. पूर्ण गोल उठला.

जोडलंय: नरम स्प्रिंग, नळकांडं पिन बाहेर, वाटी, कडक स्प्रिंग, बुच, नवी ओरिंग तेल लावून.

पाना_१२

थांबा, प्लेट ब्लॉकवर चढवण्याआधी. ब्लॉकच्या बाजूची मोठी ओरिंग खोबणीत बसली आहे का ते खाली वाकून बोट फिरवून बघा. ती एका ठिकाणी चिमटली की पहिल्या रेसला सगळं तेल अंगणात. मधला स्टड ब्लॉकमध्ये पूर्ण आटे धरतोय ना तेही. फिल्टरचे प्रचलित आटे दोन जातींचे आहेत, एम २० × १.५ आणि पाऊण इंच, इंचाला १६ आटे. दोन्ही जवळजवळ सारखे दिसतात, दोन आटे फिरतातही, आणि मग मरतात. आता असलेला फिल्टर हाताने सहज फिरतोय तोच पुरावा धरा.

पुढच्या वेळी फिल्टर काढताना प्लेट बरोबर फिरत नाही ना याकडेही लक्ष ठेवा. प्लेट ढिली झाली की होज पिळले जातात.

कूलरची तोंडं वर किंवा बाजूला आहेत ना? खाली असतील तर वर हवा कोंडून राहते.

सुरू करताना फिल्टर तेलाने भरून घ्या. फ्युएल पंपाचा फ्यूज काढून स्टार्टर मारा, दहा सेकंद मारायचा, थांबायचं, परत. तेलाचा दिवा विझला की मगच फ्यूज. मग दोन मिनिटं चालवून बंद करा आणि काठी बघा. कूलर आणि होज आता खरंच भरणार, तेल कमी दिसेल. घाला.

जिप्सीवाला_नाशिक

कूलरची तोंडं वर आहेत. सुरू केली, कुठेही गळती नाही. मित्राने तापमानाची इन्फ्रारेड बंदूक दिली, पण प्लेटवर ती ४५ च दाखवते आणि हात लावला तर चटका बसतो. बिघडली आहे का?

कूलंटकाका

बंदूक ठीक आहे. चकचकीत अ‍ॅल्युमिनियम तिला फसवतं, ते स्वतःची उष्णता कमी फेकतं आणि आजूबाजूची परावर्तित करतं. प्लेटवर, आणि कूलरच्या दोन्ही तोंडांशी, काळी इन्सुलेशन टेप चिकटवा आणि टेपवर नेम धरा.

जिप्सीवाला_नाशिक

टेपवर बरोबर आलं. आयडलिंगला काही होत नव्हतं, म्हणून आज अंजनेरीचा तोच चढ लो-रेंजमध्ये नेली. अर्ध्या वाटेपर्यंत प्लेट ७४, कूलरचं आत जाणारं तोंड ४१. वर पोचल्यावर थांबून मोजलं तर प्लेट ९१, आत जाणारं ८८, बाहेर येणारं ७९. कूलर हाताला चांगला गरम. आयडलिंगला प्रेशर पूर्वी जितकं खाली यायचं तितकं आलं नाही.

उगाच_एक

मान गए. आमची अँबॅसॅडर विकली हे बरं झालं.

सानहोजेकर

सुंदर. आत-बाहेर नऊ अंशांचा फरक म्हणजे कूलर काम करतोय. पण जिप्सीवाले, या गाडीचं इंजिन आधी कधी जाम होऊन बसलं होतं का, बेअरिंग गेलं होतं का, हे जुन्या मालकाला विचारून घ्या. इंजिन फुटलेल्या गाडीच्या कूलरमध्ये धातूचा कीस अडकून राहतो आणि कितीही धुतला तरी पूर्ण निघत नाही. इतके दिवस त्या कूलरमधून जेमतेम तेल जात होतं. आता पूर्ण धारेने जाणार, म्हणजे अडकलेलं काही असेल तर सुटेल.

जिप्सीवाला_नाशिक

फोन केला. त्यांच्याकडे असताना इंजिन एकदा उघडलं होतं, पण हेड गॅस्केटसाठी, खालचं काही नाही. थर्मोस्टॅट का काढला ते विचारलं. म्हणाले, "कूलर चोवीस तास चालावा म्हणून." 

पाना_१२

तरीही हा फिल्टर पाचशे किलोमीटरला काढा. कापून आतला कागद उलगडा आणि उन्हात धरून तिरका बघा. चमक दिसली तर फोटो टाका इथे, चुंबक लावून. बुचाखालची ओरिंगही तेव्हाच पुसून बघा, घाम धरलाय का.